घरातलं १ युनिट आणि चंद्रपूरचा कोळसा: तापमानवाढ नेमकी कशामुळे, आणि घरात काय केलं तर फरक पडतो?

मीटरवाली_नागपूर (धागाकर्ती)

उन्हाळा लागला की आमच्याकडे जेवताना एक वाद हमखास होतो. सासरे निवृत्त शिक्षक, आयुष्यभर भूगोल शिकवला. ते म्हणतात, पृथ्वी कधी तापते, कधी गोठते, हिमयुगं आली नि गेली, त्यात माणसाचा हात कुठला? लेक नववीत आहे. ती म्हणते, हे सगळं कारखान्यांमुळे आणि गाड्यांमुळे होतंय, घरातले दिवे मालवून काय होणार? दोघांची बोलणी दोन टोकांची, पण निघतं एकच: घरात काही बदलायची गरज नाही. मला ते पटत नाही. यंदा ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, मोजायचं. मार्चपासून रोज सकाळी ७ वाजता मीटरचं रीडिंग वहीत लिहिते आहे.

माझं माहेर चंद्रपूरचं. लहानपणी रात्री अंथरुणावर पडलं की कोळशाच्या मालगाडीचा आवाज यायचा, डबे मोजता मोजता झोप लागायची. ते डबे कुठे रिकामे होतात हे कळायला बरीच वर्षं गेली. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. आज मी नागपुरात एसीचं बटण दाबते तेव्हा तसाच एखादा डबा कुठेतरी रिकामा होत असतो, हे मनातून जात नाही.

वहीतले आकडे देते. मे महिन्यात रोज सरासरी १६ युनिटं. त्यातला एसी रात्रीचे ७ तास, साधारण साडेसात युनिटं. ४ पंखे मिळून साडेतीन. १४ वर्षांचा फ्रिज, जवळपास २. दुपारचा कूलर १. दिवे, टीव्ही, पाण्याची मोटर, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून २.

हे वेगळं वेगळं कसं काढलं ते सांगते, कारण कुणालाही करता येईल. माझ्या मीटरवर ३२०० इम्पल्स असं लिहिलंय. म्हणजे तो लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की १ युनिट होतं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजायचं. मिनिटाला १ लुकलुक म्हणजे जवळपास १९ वॅट. आमचा जुना पंखा मिनिटाला ४. बहिणीकडचा नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३ मिनिटांत ५. आणि जे मला माहीतच नव्हतं ते हे: फ्रिजचा प्लग काढून, घरातलं सगळं 'बंद' करून मोजलं तरी मिनिटाला २. सेट टॉप बॉक्स, राउटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, भिंतीत राहिलेले चार्जर. रोजचं जवळपास १ युनिट, कुणीही न वापरता.

माझे प्रश्न दोन. एक, सासऱ्यांना काय उत्तर द्यायचं? दोन, लेकीला काय उत्तर द्यायचं?

खडकवाचक

ताई, भूगर्भशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला हात घालतो. तुमच्या सासऱ्यांचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे, तेवढं आधी मान्य करा म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. पृथ्वीचं हवामान बदलत आलं आहे. पृथ्वीची कक्षा, अक्षाचा कल आणि अक्षाचं डोलणं यांची चक्रं असतात: सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २६ हजार वर्षांची. मिलान्कोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने ती गणिताने मांडली. हिमयुगं त्यातूनच आली.

पण वेग बघा. गेल्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, त्याला काही हजार वर्षं लागली. आत्ता दीडशे वर्षांत १ अंशाच्या वर गेलो आहोत, आणि २०२४ हे वर्ष तर औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम गेलं. शिवाय त्या चक्रांच्या हिशेबाने पाहिलं तर पृथ्वी सध्या हळूहळू थंड व्हायला हवी होती.

मग कारण काय? अंटार्क्टिकाच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यांतून ८ लाख वर्षांची हवा तपासता आली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० ते ३०० भाग एवढ्यातच राहिला. औद्योगिक क्रांतीआधी तो २८० होता. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास. आज ४२० च्या वर.

हा वायू आपणच सोडला हे कशावरून? कोळसा आणि तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून होतं, त्यातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा काळानुसार घटत जाणारा प्रकार, केव्हाच संपलाय. हवेतल्या कार्बनमध्ये जुन्या, मेलेल्या कार्बनचं प्रमाण वाढताना मोजलेलं आहे. आणि जळण्याला प्राणवायू लागतो, तो त्याच हिशेबात किंचित कमी होतानाही मोजलेला आहे. ज्वालामुखींचं नाव बरेच जण घेतात. माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही ते सोडत नाहीत.

सूर्याचं म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजताहेत, त्यात वाढीचा कल नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी गोधडीचं उदाहरण देतो. ऊन वाढलं तर घरही तापेल आणि अंगणही. पण रात्री अंगावर गोधडी घेतली तर आतलं अंग ऊबदार होतं आणि बाहेर जाणारी ऊब कमी होते. पृथ्वीचं तसंच झालंय: जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. सूर्य कारण असता तर दोन्ही तापले असते. सासऱ्यांना ही एकच गोष्ट सांगा. भूगोलाच्या शिक्षकाला ती लगेच उमगेल.

मोगरा_कट्टा

गोधडीचं उदाहरण आवडलं. उद्या शाळेत वापरणार. मीटरचा लाल दिवा इतकी वर्षं बघतेय, तो काय सांगतो हे आज कळलं.

माणदेशी_बांध

नमस्कार. मी शेतकरी माणूस, खडकवाचक सरांएवढं वाचन नाही, पण आमच्याकडं जे दिसतं ते सांगतो. १९७२ चा दुष्काळ मी बघितलाय, सहावीत होतो. दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडलीय. सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा आमच्या गावात वीज सोडा, सायकली चार होत्या. तो दुष्काळ कुणाच्या एसीनं आणला होता? माणदेशात पाऊस कमीच, आमच्या आज्यालाही कमीच होता.

दुसरं. आमच्या गावात १० पैकी ६ घरांत दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही. ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून मोठमोठे महाल उठवले ते आता आम्हाला सांगणार पंखा बंद करा म्हणून? हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी मनापासून सांगतोय. शहरात बसून बचतीच्या गोष्टी बोलणं सोपं आहे. आमच्याकडं बचत हीच पहिल्यापासून राहणी आहे.

खडकवाचक

दादा, ७२ चं तुम्ही म्हणता ते खरं आहे. एका वर्षाचा दुष्काळ हा हवेचा लहरीपणा असू शकतो, त्याला तापमानवाढ लागत नाही. उलट आज एखादा दुष्काळ पडला की सगळे डोळे झाकून तापमानवाढीच्या नावावर टाकतात, तेही चूकच. तापमानवाढ म्हणजे तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीचं सरकणं. जत्रेतला एखादा माणूस दारू प्यायला म्हणून गाव दारुडं होत नाही, पण दरवर्षी पिणारे वाढत गेले तर गावाचं काहीतरी बिघडलंय असं आपण म्हणतोच.

न्यायाच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात सुमारे २ टन. आजवर जगाने कोळसा-तेल जाळून जेवढा सोडला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. पण भारताच्या या सरासरीच्या आतही दोन भारत आहेत. तुमच्या गावातलं दोन दिव्यांचं घर आणि शहरातलं ४ एसींचं घर यांची सरासरी काढून २ टन येतात. ताईंचा प्रश्न दुसऱ्या घरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

निवृत्त_बॉयलर

मी राज्यातल्या औष्णिक केंद्रांत ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक बॉयलरवर. मीटरवाली ताईंचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

आपला कोळसा राखेचा. शंभर किलो जाळला तर तीस ते चाळीस किलो राख उरते. १ युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला ८ हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. वाफ ५४० अंशांवर न्यायची, टर्बाइन फिरवायची आणि एवढं करून कोळशातल्या उष्णतेचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग विजेत उतरतो. बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून आकाशात. मग तारांमधली गळती. घरी ५ युनिटं पोचायला केंद्रातून ६ निघावी लागतात असं धरा.

हे माहीत असल्यामुळे मला घरातली एक वस्तू बघवत नाही: विजेचा गीझर. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दहा मिनिटांचा शॉवर म्हणजे अशा ४ बादल्या, सव्वादोन युनिटं. दीड किलोहून जास्त कोळसा. विचार करा, आम्ही ५४० अंशांची वाफ काढतो, दोन तृतीयांश उष्णता फेकून देतो, आणि उरलेल्यातून तुम्ही पाणी कोमट करता. हेच पाणी गच्चीवरचं ऊन फुकट तापवून देतं. वीज ही मोटर फिरवायला, दिवा लावायला, पंखा चालवायला आहे. ऊब करायला ती वापरणं मला आयुष्यभर खटकलं.

लेकीला माझ्याकडून सांगा: केंद्र कुणासाठी चालतं? आमच्या कंट्रोल रूममध्ये संध्याकाळी ७ ला मागणी चढायला लागली की सगळे सावध व्हायचे. ती चढण घराघरांतल्या दिव्यांची, पंख्यांची, टीव्हीची असायची. आता दिवसा सौर वीज मिळते, पण सूर्य मावळला की ती चढण कोळशावरच येते. म्हणून मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन शक्यतो दिवसा उरका. बिलात आज फरक दिसो न दिसो, भट्टीत दिसतो.

आणि पाणी विसरू नका. औष्णिक केंद्राला पाणी प्रचंड लागतं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असून उपयोग नव्हता. मराठवाड्यातल्या माणसाला वीज आणि पाणी वेगळं शिकवावं लागत नाही.

मीटरवाली_नागपूर

काका, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवला. लेक बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आपली १६ युनिटं म्हणजे ११ किलो कोळसा?" आणि उठून सेट टॉप बॉक्सचं बटण बंद करून आली.

सासऱ्यांनी एक प्रश्न धाडलाय, खडकवाचक सरांसाठी. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, हिमयुग येतंय असं मासिकांत छापून यायचं. तेव्हाचे शास्त्रज्ञ चुकले, तर आजचे कशावरून बरोबर?

खडकवाचक

प्रश्न चांगला आहे. मासिकांत तसं येत होतं हे खरं. कोळशाच्या धुरातले गंधकाचे कण ऊन अडवतात, त्यामुळे काही दशकं गारवा आला होता आणि काही शास्त्रज्ञांना त्याची काळजी वाटत होती. पण त्याच काळात बहुतेक शोधनिबंध तापण्याकडेच बोट दाखवत होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसाठी लिहिलेल्या अहवालात म्हटलं होतं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ३ अंशांच्या आसपास तापेल, दीड ते साडेचारच्या दरम्यान. आजचा अंदाजही ३ च्या जवळच आहे. शेचाळीस वर्षांहून जास्त काळ टिकलेला आकडा आहे हा.

त्याहून जुनं सांगू? १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली. १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियसने कोळशाने पृथ्वी तापेल याचा हिशेब कागदावर मांडला. तेव्हा मोटारी नुकत्या कुठे बनू लागल्या होत्या. हे विज्ञान तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं आहे.

पोफळीची_सावली (श्रीवर्धन)

मी फक्त वाचत होते, पण लिहिते. ३ जून २०२०, निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. सासऱ्यांनी लावलेली पोफळीची बाग, चाळीस वर्षांची झाडं, दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. नारळ मधेच पिळवटून तुटले. पोफळ लावल्यापासून उत्पन्न यायला सहा-सात वर्षं जातात. माझे सासरे तेव्हा ७८ वर्षांचे. त्यांनी वाकून रोपं लावली. कुणासाठी लावता असं कुणी विचारलं नाही.

वीज यायला फार दिवस गेले, सगळे खांबच पडले होते. मेणबत्त्या, कंदील, विहिरीला रहाट. त्या दिवसांत मला कळलं की घराला खरोखर किती वीज लागते. मोबाइल, एक दिवा, एक पंखा. आता छपरावर २ किलोवॉटचं सोलर बसवलंय.

खडकवाचक सर, ते वादळ तापमानवाढीमुळे आलं का? मला खरं उत्तर हवंय, बरं वाटावं म्हणून नको.

खडकवाचक

ताई, एका वादळावर बोट ठेवून "हे त्याच्यामुळेच" असं म्हणता येत नाही. वादळं पूर्वीही होत. पण वादळाला बळ मिळतं ते गरम समुद्रातून, आणि अरबी समुद्र तापला आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढल्याचं आणि जास्त काळ टिकत असल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. निसर्गनंतर वर्षभराच्या आतच तौक्ते आलं. शिवाय हवा १ अंशाने तापली की तिच्यात ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. तुमच्या बागेवर आलेलं वादळ कदाचित तसंही आलं असतं. पण त्याला मिळालेला समुद्र तुमच्या सासऱ्यांच्या तरुणपणीचा नव्हता. यापलीकडे मी प्रामाणिकपणे काही म्हणू शकत नाही.

माणदेशी_बांध

पोफळीची सावली ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. चाळीस वर्षांची झाडं म्हणजे लेकरंच.

थंडगार_मिस्त्री

मी एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, १८ वर्षं झाली. इथे सगळे युनिटांबद्दल बोलताहेत, गॅसबद्दल कुणीच बोललं नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लोक दर उन्हाळ्यात म्हणतात, "गॅस भरून द्या, पटकन." लीक शोधायला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून तसाच भरून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा. तो गॅस हवेत गेला. आर-४१० हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या २ हजार पट तापवतो. घरच्या एसीत साधारण १ किलो असतो. तो सगळा गळला तर २ टन झाले. एका युनिटामागे देशात सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर ही जवळपास २,९०० युनिटं. म्हणजे एखाद्या घराची वर्षभराची वीज. तुम्ही वर्षभर दिवे मालवत बसा, आणि एका लीकने सगळं गेलं.

आणि ओझोनशी याची गल्लत करू नका. जुना आर-२२ ओझोनही खायचा आणि तापवायचाही. आत्ताचे आर-४१०, आर-३२ ओझोनला हात लावत नाहीत, पण तापवतात. आर-३२ सुमारे ६७५ पट, आर-४१० च्या एक तृतीयांश. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, असलेला मिळाला तर उत्तम, तो जवळपास काहीच तापवत नाही, पण जळणारा आहे म्हणून मिस्त्री शिकलेला हवा. एसी काढून दुसरीकडे बसवताना आधीचा गॅस आऊटडोअरमध्ये ओढून घ्यायला सांगा, समोर उभे राहून. बरेच जण नट ढिला करून सोडून देतात. मीही सुरुवातीला सोडलाय, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

निवृत्त_बॉयलर

मिस्त्री, आजवरच्या सगळ्या प्रतिसादांत हा मोलाचा. मला स्वतःला हे माहीत नव्हतं.

सी_विंग_सचिव (पुणे)

गीझरबद्दल काकांनी लिहिलं ते पटलं, पण सोसायटीतला अनुभव सांगणं भाग आहे. आमच्या इमारतीवर बिल्डरने सौर बंब बसवून दिले. गच्चीवर पाणी छान तापतं, पण खालच्या मजल्यापर्यंत पाइपात थंड पाणीच भरलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी यायला दीड बादली थंड पाणी वाहून जातं. लोक वैतागून गीझर लावतात. दोन वर्षं असं चाललं. मग आम्ही तीन गोष्टी केल्या: पाइपाला बाहेरून आवरण घातलं, सकाळी ६ ते ८ अशीच वेळ ठरवली, म्हणजे एकाने नळ सोडला की खालच्यालाही गरम मिळतं, आणि सुरुवातीचं थंड पाणी बादलीत धरून ते फरशीला वापरायचं. क्षारांनी नळ्या भरतात, त्या दरवर्षी साफ करून घेतो. आता ३६ घरांपैकी २९ घरं हिवाळा सोडून गीझर लावत नाहीत.

गच्चीवर सोलर पॅनेलचं मात्र अडलंय. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला ४ युनिटं मिळतात. लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर यांचं आमचं सगळं बिल त्यात भागेल. पण वार्षिक सभेत दोनदा ठराव पडला. कारण एकच, पापड-गव्हाला आणि कोजागिरीला गच्ची लागते. पॅनेल माणसाच्या उंचीच्या वर बसवता येतात, खाली सावली होते, हे नकाशा काढून दाखवलं तरी. तिसऱ्यांदा मांडणार आहे.

श्टुटगार्टकर

जर्मनीतून लिहितोय. इथल्या घरांच्या ऊर्जेतला दोन तृतीयांश भाग घर गरम ठेवण्यात जातो. त्यामुळे इथे बचत म्हणजे भिंतीला जाड थर आणि खिडकीला तीन काचा. आता हीट पंप येताहेत: १ युनिट वीज घालून ३-४ युनिटांची ऊब. तो उलटा बसवलेला एसीच आहे, नवीन काही नाही. निवृत्त_बॉयलर काका, विजेने ऊब करायची असेल तर ही पद्धत तुम्हाला कमी खटकेल. भारतात काही हॉटेलं पाण्यासाठी हे यंत्र वापरतात.

आपल्याकडे उलटं आहे, उकाडा बाहेर ठेवायचाय. त्याला भिंत, छप्पर, सावली यांचाच विचार आधी हवा. आजोळी वाड्यात दुपारी दोनला माजघरात गार वाटायचं, पंखा नसताना. आपण ते सोडून काचेच्या इमारती बांधायला लागलो याचं मला इथे बसून वाईट वाटतं.

विदा_हवा

दोन मुद्दे. देशातली जवळपास चौथा हिस्सा वीज घरांत जाते. म्हणजे लेकीचं म्हणणंही पूर्ण चूक नाही, तीन हिस्से उद्योग, शेती, व्यापार यांत जातात. घरच्या बचतीच्या नादात वीज कशापासून बनते हा प्रश्न मागे पडायला नको.

दुसरा: बचत टिकते का? माझ्या भावाने इन्व्हर्टर एसी घेतला. वीज कमी लागते म्हणून आता तो ५ तासांऐवजी ११ तास चालतो. बिल पूर्वीपेक्षा जास्त. बदल वस्तूत झाला, वापरात नाही.

मीटरवाली_नागपूर

विदा_हवा, तुमचा दुसरा मुद्दा माझ्या मनातही होता. म्हणूनच रीडिंग थांबवलं नाही.

जूनचा हिशेब देते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री २ पर्यंत ऊब सोडत राहतो. श्टुटगार्टकरांचं वाचून गच्चीला चुना आणि पांढरं सिमेंट कालवून दोन हात मारले. मी, लेक आणि सासरे, पहाटे ५ ते ७. पूर्वी नागपुरात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असायच्या, सासऱ्यांनी एक शोधून आणली, पश्चिमेच्या खिडकीला लावली. आमची हवा कोरडी म्हणून ती चालते, कूलरही चालतो. कोकणात याचा उपयोग नाही हे पोफळीची सावली ताई सांगतीलच. कूलरचं गवत बदललं आणि एसीऐवजी रात्री १२ पर्यंत कूलरच. एसी आता ४ तास, २६ वर, पंख्यासोबत. दोन पंखे बीएलडीसी घेतले. रात्री टीव्हीचा बोर्डच बंद.

मेचं सरासरी १६, जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांचं साडेअकरा. मला आनंद झाला, पण सासऱ्यांनी लगेच बोट ठेवलं: "जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला, त्याचं श्रेय तू घेऊ नकोस." मग त्यांनीच बसून वहीतून मे आणि जूनचे असे दिवस निवडले ज्या दिवशी कमाल तापमान ४३ ते ४४ होतं. मेमध्ये असे ९ दिवस, सरासरी १६.४. जूनमध्ये ४, सरासरी १२.७. म्हणजे पाऊस वजा करूनही साडेतीन युनिटांच्या वर वाचलं. चारच दिवस आहेत, फार मोठं काही म्हणत नाही. पुढच्या मे महिन्यात नीट कळेल.

फ्रिजच्या दाराला नोट अडकवून ओढून पाहिली, सहज निघाली, म्हणजे रबर गेलंय. मिस्त्री, १४ वर्षांच्या फ्रिजचं रबर बदलावं की फ्रिजच?

थंडगार_मिस्त्री

आधी रबर बदला, खर्च थोडा आहे. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची जाळी पुसा, मग आठवडाभर रीडिंग घ्या. तरीही दीडच्या खाली आलं नाही तर बदला. घेताना नुसते स्टार बघू नका, लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात ती बघा. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, जुन्या लेबलवरचे ५ स्टार आजचे ५ नसतात. आणि जुना फ्रिज भंगारवाल्याला देण्याआधी त्यातला गॅस काढून घ्यायला मला किंवा कुणालाही बोलवा.

पोफळीची_सावली (श्रीवर्धन)

कूलर आमच्याकडे खरंच नाही चालत, हवेतच पाणी. आमची कौलं आणि मागची झाडं हाच एसी. नवी रोपं कमरेएवढी झालीत.

माणदेशी_बांध

न्यायाचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण काल रात्री नातवाला घेऊन मीटरखाली उभा राहिलो. ताई, आमच्या मीटरवर १६०० लिहिलंय. पंखा एकटा चालू ठेवला तर मिनिटाला २ वेळा लुकलुकतो. तुमच्याकडं ४ वेळा. मग आमचा पंखा अर्धी वीज खातो का?

मीटरवाली_नागपूर

नाही काका. १६०० असेल तर एका लुकलुकीची वीज दुप्पट धरायची, मिनिटाला १ म्हणजे साडेसदतीस वॅट. तुमचा पंखाही ७५ वॅटचाच निघाला, आमच्यासारखाच. आता सगळं बंद करून मोजा आणि किती येतं ते इथे लिहा.

माणदेशी_बांध

मोजलं. ५ मिनिटं दोघं उभे होतो. एकदाही लुकलुकला नाही.